हमालांचा क्लब

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधल्या आमच्या बायकांच्या फुटबॉल टीमला शेजारचे डॅनिश काका शिकवायचे. पहिली मॅच आम्ही इतकी वाईट हरलो की पार्किंगमध्येच टीम बंद करायची बोलणी सुरू झाली.

काका गाडीच्या डिकीत बॉल भरत म्हणाले, "माझे आजोबा कोपनहेगनच्या बंदरावर हमाल होते. साहेब लोकांच्या क्लबात त्यांना घेत नसत. मग हमालांनी पडीक जागेतले दगड वेचून मैदान केलं आणि आपला क्लब काढला. पुढे माझ्या वेळी क्लबचं दिवाळं निघालं. एकदम खालच्या डिव्हिजनमध्ये गेलो."

"मग लोकांनी सोडला असेल," मी म्हणाले.

"छे. त्यानंतरच्या पहिल्या मॅचला उभं राहायला जागा नव्हती."

नागपुरातल्या आमच्या वस्तीतलं विहारही लोकांनी स्वतः विटा वाहून बांधलं होतं. त्यामुळे मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. मी सगळ्यांना म्हणाले, "रविवारी प्रॅक्टिस आहे. कोण येतंय?"

गोलकीपर म्हणाली, "मी येते. पण काका, मला आधी नीट डाइव्ह मारायला शिकवा."

रविवारी सगळ्याजणी आल्या. त्या सीझनला आम्ही एकही मॅच जिंकलो नाही, पण पुढच्या सीझनला परत नाव नोंदवलं.