तीन खाचरांचा दम

माझा थोरला भाऊ एका दमात तीन खाचरं पार करायचा. आमच्या गावात हुतूतूच्या गड्याची किंमत याच मापानं ठरे. भात कापून झालं की पहिल्या खाचराच्या बांधावर उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा आणि "हुतूतूतू" म्हणत ढेकळं, सड तुडवत पळत सुटायचं. दम तुटेल तिथे थांबायचं. बहुतेक गडी दुसऱ्या खाचराच्या मध्यावर तोंड उघडत. दादा तिसऱ्याचा बांध ओलांडून जाई आणि मग मागे वळून हसे. मी लहानपणी कडेला उभा राहून मनात आकडे मोजत असे, त्यामुळे एक खाचर म्हणजे किती आकडे हे मला पाठच झालं होतं.

दादा चौथीतून शाळा सोडून औतामागे लागला. म्हणून मला तळेगावला आणि पुढे पुण्याला कॉलेजात जाता आलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हे घरात कोणी कधी बोलून दाखवलं नाही. कदाचित म्हणूनच दादापुढे काही शहाणपणाचं बोलायचं झालं की माझी जीभ जड होई. हॉस्टेलात माझ्या तोंडून चुकून "न्हाई" गेलं तर मुलं हसत, तेवढं मला चाले. पण घरी चुकून "नाही" गेलं आणि दादा गप्प झाला, तर मला दिवसभर चैन पडत नसे.

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची ही गोष्ट. दिवाळीच्या सुमारास बातमी आली की लोणावळ्याला रेल्वेच्या शेडमध्ये हुतूतूचा नवा संघ उभा राहिला आहे, आणि हंगामातला आमचा पहिला सामना त्यांच्याशी, त्यांच्याच मैदानावर ठरला आहे. आमचा हंगाम भातकापणीपासून चैत्रातल्या जत्रेपर्यंत चाले. पहिल्या सामन्यात ज्याच्या हाताखाली संघ हरेल, त्यानं जत्रेपर्यंत पुढारपण दुसऱ्याला द्यायचं, अशी आमच्याकडची रीत होती. दादा लागोपाठ पाच हंगाम पुढारी होता. चार गावांत त्याला ओळखत ते तेवढ्यासाठीच.

नवा संघ कितपत जड जाईल याची चर्चा शिंपीकाकांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी चाले. काका कधी खेळलेले नव्हते, पण सगळ्या गड्यांच्या मांजरपाटाच्या चड्ड्या त्यांनी शिवलेल्या होत्या, आणि त्या हक्कानं ते संघाला "माझा संघ" म्हणत. बोलायचं असलं की ते मशीनचं पायडल थांबवत. मशीन थांबलं की सगळ्यांनी ऐकायचं. दुसरे होते आबा. तरुणपणी पकडीत मोडलेलं त्यांचं एक बोट वाकडंच राहिलं होतं. पंच नसला तर त्यांचा शब्द चाले.

"शेडवाल्यांत देशोदेशीचं लोक हायत म्हनं," कोणीतरी म्हणालं. "हुतूतू म्हनतच न्हाईत. कबड्डी म्हनत्यात."

मशीन थांबलं.

"काय म्हनत्यात? कबड्डी?" काकांनी तोंडातली टाचणी काढली. "क, ब, ड्डी! आरं, एवढ्याशा शब्दात जीभ दोनदा आपटतीय. दम टिकायचा कसा? आपलं हुतूतू बग, नुसतं तेल सोडल्यावानी जातंय."

"त्ये कोळशाचं काम करत्यात, काका. दंडं आसत्याल की."

"दंडाचं काय लोणचं घालायचंय? दम सांग, दम!"

सगळे हसले. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू शनवारी पुन्याहून येतोस न्हवं? हितं न उतरता फुडं लोणावळ्याला जा. डोळ्यांनी बग आन् येऊन सांग. तू शिकलेला हायस, तुजं खरं धरू."

हे ऐकून मला बरं वाटलं हे कबूल करतो. गावानं मला काही काम सांगण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्या शनिवारी मी पॅसेंजरनं पुढे गेलो. शेडच्या मागे इंजिनांची राख पसरून केलेलं मैदान होतं. तिथे आठ-दहाजण सराव करत होते. मी तारेच्या कुंपणाशी, कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखा उभा राहिलो. त्यांचा मुख्य चढाईवाला उंच, सडपातळ होता. तो "कबड्डी कबड्डी" करत जाई, कोणाला तरी शिवून लगेच परत येई. मी मनात आकडे मोजले. दर वेळी मोजले. त्याचा दम दीड खाचराच्या पुढे एकदाही गेला नाही.

मी आणखी एक गोष्ट पाहिली. समोरचा गडी चढाईला आला की हे लोक एकमेकांचे हात धरून साखळी करत, आणि साखळीच्या टोकाला, चढाईवाल्याच्या डाव्या हाताला, एक बुटका माणूस असे. तो चढाईवाल्याच्या तोंडाकडे बघतच नसे. त्याची नजर पायांवर. चढाईवाला खोल गेला, त्याचा पुढचा पाय जड पडला, की हा खाली बसून घोटा धरी आणि साखळी वरून मिटे. मी पाहत असताना त्यानं असे चार घोटे धरले. दादा चढाईला जातो तो नेहमी खोल, रेंगाळत, उजवा पाय पुढे टाकत. एवढा दम असल्यावर घाई कशाला करायची, हे त्याचं म्हणणं.

संध्याकाळच्या गाडीनं परत आलो तो स्टेशनावरून सरळ ओट्यावर गेलो. दादाही तिथेच होता, खांबाला टेकून.

"बोल," आबा म्हणाले.

"त्यांच्या मोठ्या गड्याचा दम दीड खाचराचा आहे," मी म्हणालो.

एकच गिल्ला झाला. कोणी मांडी थोपटली, कोणी दादाच्या पाठीत धपका घातला. "दीड! आन् हितं तीन! आरं, त्याला येळकोट म्हनायला पन दम पुरायचा न्हाई!"

"पण..." मी म्हणालो.

"पन काय?"

"त्यांची साखळी..."

"ह्ये बग," काकांनी मला मध्येच तोडलं, "तुज्या कालेजात पन-बिन लय आसतंय. हितं दीड आन् तीन. चौथीतल्या पोराला बी वजाबाकी येती."

पुन्हा हशा झाला. दादाही हसला. मी आबांकडे पाहिलं, तर ते माझीच वाट पाहत होते असं आता वाटतं. पण तेव्हा मला फक्त दादाचा चेहरा दिसत होता. इतक्या लोकांत उभं राहून "तू असा जाऊ नकोस, धरला जाशील" असं मी त्याला सांगायचं? ज्यानं मला पुण्याला पाठवलं, त्याला मी पुण्याहून येऊन हुतूतू शिकवायचा? मी गप्प बसलो.

घरी जाताना बांधावरून आम्ही दोघेच होतो. दादा पुढे, मी मागे. मनाशी ठरवलं होतं, आता सांगायचं.

"दीड, व्हय ना रं?" त्यानं न वळता विचारलं.

"व्हय."

"मोजलंस नीट?"

"मोजलं की."

"मग झालं तर." आणि तो शीळ घालू लागला.

पुढच्या रविवारी आम्ही तीस-चाळीसजण लोणावळ्याला गेलो. शिंपीकाकांनी गाडीतच चड्ड्या वाटल्या. नव्या होत्या, ताठ, आणि प्रत्येक गडी त्या घालून लाकडी बाहुलीसारखा चालत होता. खेळ आमच्या पद्धतीनं ठरला. बाद झालेला गडी रेघेबाहेर बसेल, आणि आपल्या बाजूनं समोरचा एक मारला की तो पुन्हा जिवंत होऊन आत येईल. समोरची सगळी बाजू मेली की लोण. आधी दोन लोण चढवील त्याचा सामना. हुतूतू म्हणा की कबड्डी, पंचांची हरकत नव्हती.

पहिली चढाई दादाची. एक गडी त्यानं जाता जाताच शिवला. आमचे लोक ओरडले. परत यायला रान मोकळं होतं, पण दम भरपूर होता, म्हणून तो आणखी आत गेला, दुसऱ्याच्या अंगावर. उजवा पाय पुढे पडला. बुटका खाली बसला. पुढच्या क्षणी दादा राखेत पालथा आणि त्याच्यावर पाचजण.

दम तुटलेला नव्हता. पाचजणांच्या खालून "हुतूतूतू" येतच होतं. मैदान हळूहळू शांत झालं. आमचे लोकही ओरडायचे थांबले. तीन खाचरं पळून जाण्याइतका श्वास एकाच जागी, राखेत तोंड खुपसून संपत होता, आणि आम्ही सगळे तो ऐकत होतो. मी सवयीनं मनात मोजू लागलो आणि मध्येच थांबलो. मोजवेना. शेवटी आवाज बारीक झाला आणि तुटला.

दादा बाद होऊन आमच्या बाजूला येऊन बसला. दोन्ही गुडघे सोलवटले होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याजवळ गेलो. त्यानं पाणी घेतलं नाही.

"त्यो बुटका," तो म्हणाला. "त्यो पाय बगतो. तुला दिसला व्हता?"

खोटं बोलता आलं असतं. "व्हय," मी म्हणालो.

"मग बोलला का न्हाईस?"

"तुला वाईट वाटंल म्हणून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओठांवर राख चिकटली होती. "आन् आता लय ग्वाड वाटतंय व्हय? सांग. काय काय बगितलंस त्ये समदं सांग. लवकर."

मी सांगितलं. आधी चाचरत, मग भरभर. बुटका फक्त डाव्या टोकाला असतो, तेव्हा उजवीकडून जायचं. साखळी मिटायला वेळ लागतो, तेव्हा एक शिवला की परत फिरायचं. आणि खोल जायचंच नाही, उजवा पाय पुढे रोवायचा नाही. "दमाचा इथे उपयोग नाही, दादा," मी म्हणालो, आणि म्हणताना माझ्या लक्षात आलं की मी "नाही" म्हणालो होतो. तांब्या घेऊन तो गटागटा पाणी प्यायला.

थोड्या वेळानं आमच्या एका पोरानं त्यांचा गडी पकडला आणि दादा जिवंत झाला. चढाईला गेला तो उजवीकडून. शिवला आणि परत. पुढच्या वेळी तसंच. अर्ध्या खाचराचासुद्धा दम तो वापरत नव्हता.

"आरं, काय भ्याला काय ह्यो?" शिंपीकाका रेघेवर येऊन ओरडले. "तीन खाचरांचा गडी आन् उंबऱ्यातनं माघारी फिरतोय! आत जा की!"

"काका, गप बसा," आबा म्हणाले. "मानूस खेळायलाय."

पहिला लोण त्यांनी आमच्यावर चढवला होता. पुढचे दोन आमचे झाले. शेवटचा गडी शिल्लक राहिला तो बुटकाच. साखळी करायला त्याच्याशेजारी कोणी उरलं नव्हतं, तरी त्यानं दादाचा घोटा एकदा धरलाच. दादानं पाय झटकला आणि मधल्या रेघेवर कसाबसा हात टेकवला. सामना संपल्यावर दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बराच वेळ काहीतरी बोलत होते. बुटक्याला मराठी मोडकंतोडकंच येत होतं, आणि दादाला त्याची भाषा मुळीच येत नव्हती.

परतीच्या पॅसेंजरमध्ये काकांना कंठ फुटला होता. "म्या म्हनलंच व्हतं! दीड आन् तीन! ह्या सालात आपल्याला भ्या दाखवनारा मावळात कोन हाय? शेडवालं व्हतं, त्येंचं बी झालं!"

सगळ्यांनी हो ला हो केलं. मलाही तसंच वाटत होतं. आम्ही जिंकलो होतो आणि दादाचं पुढारपण जत्रेपर्यंत कायम होतं.

दादा माझ्या शेजारी खिडकीशी बसला होता. गुडघ्यांना त्यानं चिंध्या बांधल्या होत्या. त्यानं काकांना हातानं थांबवलं आणि मला म्हणाला, "फुडल्या येळंला समद्यांत बोलायचं. कोन हसलं तरी बोलायचं. घरी येऊन कानात सांगशील तर म्या ऐकनार न्हाई. कानात सांगितल्यालं मला पटत न्हाई."

"आताही एक आहे," मी म्हणालो. मला आवाज खाली करावासा वाटला, पण केला नाही. "शेवटच्या चढाईत तू पुन्हा उजवाच पाय पुढे टाकलास. हात लांब होता म्हणून रेघ गाठलीस."

काकांचं तोंड उघडं राहिलं. दादाचे कान लाल झाले.

"डावा व्हता," तो म्हणाला.

"उजवा होता."

"आरं, माजा पाय मला म्हाईत न्हाई व्हय? डावाच व्हता!"

"मी बघत होतो, दादा. उजवा."

"तुजं डोळं तपास आदी. पुस्तकं वाचून वाचून गेलं वाटतं!"

मळवली मागे पडली तरी आमचं मिटलं नव्हतं. त्यानं पाय लांब करून दाखवला, मी उठून त्याची चढाई करून दाखवली. आबा मध्ये पडले तर दोघांनीही त्यांना ऐकलं नाही. मला वाटतं, आम्ही दोघे भाऊ समोरासमोर भांडलो ती ही पहिलीच वेळ. कामशेत आलं, सगळे उतरले, तरी फलाटावर तो मला मधली रेघ कुठे होती ते काठीनं काढून दाखवत होता.