टाकीचे मोजे आणि फिनेलवरची रेघ

फिनेलच्या बाटलीवर मी काळ्या मार्करनं रेघ मारली. फिनेल जिथवर होतं नेमकं तिथं, आणि लेबलाच्या मागच्या अंगाला, म्हणजे सहजासहजी कुणाच्या नजरेस पडू नये. आमच्याकडं कामाला येणारी वहिनी रोज किती फिनेल ओतते ते मला बघायचं होतं. लिहायला लाज वाटते, पण केलं ते केलं. सत्तावीस वर्षं मी पिरंगुटजवळच्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. तिथं डब्यावर रेघ मारणं हे माझं कामच होतं, आणि माझी रेघ कधी चुकली नाही असा मला माज होता. नोकरी संपली, सवय काही गेली नाही.

ही वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. माझं माहेर भरे, सासर कासार आंबोली. अंतर म्हणाल तर काहीच नाही. पण आई गेल्यावर भऱ्यात माझी ओटी भरणारं एकच माणूस उरलं, ते म्हणजे वहिनी. बाकीच्या भावकीनं जमिनी विकल्या, खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, आणि रस्त्यात दिसले तर गाडीची काच खाली करून "बरं हाय ना?" विचारतात. जत्रेचं बोलावणं मात्र वहिनीच करायची, न चुकता. आमच्या ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तीच म्हणाली, "वन्सं, परकी बाई कशाला घरात घेताय? मी येत जाईन की रोज सकाळच्या पारी." तेव्हापासून ती यायला लागली. माझं माहेर रोज सकाळी चालत माझ्या दारात यायचं म्हणा ना.

आता टाकीचं सांगते. आमच्या हॉलमध्ये समुद्र आहे. हसू नका, गावातले सगळे हसून झालेत. हे फिटर. गावाबाहेरच्या एका सुट्टीच्या बंगल्यात मोटारी, पंप बघायला जायचे. बंगला विकताना मालकानं तिथली काचेची टाकी ह्यांना देऊन टाकली. खाऱ्या पाण्याची टाकी, आत दोन नारिंगी मासे आणि दगडाला चिकटलेला अंगठ्याएवढा मऊ तुकडा. ते प्रवाळ आहे, जिवंत असतं, हे मला ह्यांनी सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "मुळशीत एवढं मोठं धरण असताना घरात समुद्र कशाला?" पण ह्यांनी ते नऊ वर्षं जपलं. अंगठ्याएवढ्याचं जेवणाच्या ताटाएवढं झालं. अळंबीसारखी छत्री आणि तिच्यावर हजार बारीक बोटं, पाण्यात हलणारी. ऑपरेशननंतर ह्यांना घराबाहेर पडायची बंदी. सकाळचा चहा घेऊन टाकीसमोर बसायचे ते दुपारपर्यंत. त्या प्रवाळाला काही झालं असतं तर ह्या माणसाला कसं उभं करायचं, मला ठाऊक नव्हतं.

टाकीचं पाणी एका नळीतून खालच्या छोट्या टाकीत उतरतं, आणि उतरताना एका पांढऱ्या कापडी पिशवीतून गाळलं जातं. पिशवी लांबुडकी, म्हणून तिला मोजा म्हणतात. माशांची घाण, उरलेलं खाणं, सगळं त्यात अडकतं. तीन-चार दिवसांत मोजा बदलावाच लागतो, नाहीतर ती घाण तिथंच कुजून परत पाण्यात मिसळते. मोजे दोन जातीचे. एक पातळ, वापरून फेकायचे. दुसरे जाड, धुऊन पुन्हा लावायचे. हे कायम फेकायचेच वापरत. आठवड्याला दोन मोजे घंटागाडीत! माझा जीव तुटायचा.

"अहो, धडधाकट कापड फेकता? धुतलं की झालं."

"अगं, कापडाचा प्रश्न नाही," हे म्हणायचे. "फेकायच्या मोज्याला माणसाचा हात लागत नाही. धुतलेला म्हटला की धुणाऱ्यावर विश्वास ठेवायला लागतो."

"मग माझ्यावर नाही का?"

यावर हे माशांना खाणं टाकायला उठायचे. शहाणे होते.

ऑपरेशननंतर ह्यांना वाकायला, उचलायला मनाई झाली आणि टाकीचं काम माझ्याकडं आलं. पहिल्याच आठवड्यात मी सहा जाड मोजे आणवले. ह्यांनी खुर्चीत बसून नियम सांगितले: मोजा उलटा करायचा, जोराच्या धारेखाली धरायचा, साबणाचं नाव काढायचं नाही, भरपूर खळबळायचा, उन्हात कडकडीत वाळवायचा. मी सगळं पाळलं. वहिनीला तर मी मोज्यांच्या जवळसुद्धा फिरकू दिलं नाही. हिरवी बादली टाकीची, लाल बादली फरशीची, हे तिला तीनदा बजावलं. धुवायची मी, वाळत घालायची मी, घडी करून डब्यात ठेवायची मी. एकदा दोरीकडं बघून वहिनी म्हणाली, "वन्सं, मोजं काय पांढरंफेक केल्यात! दुकानातनं आत्ता आणल्यावानी दिसत्यात." मला असा आनंद झाला की काय सांगू. ह्यांना मुद्दाम बोलावून दाखवले.

दीड-दोन महिन्यांनी प्रवाळ मिटायला लागलं.

आधी बोटं आखडली. मग छत्रीची कड आत वळली. खालच्या टाकीत पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं एक यंत्र आहे, ते उगाचच भसाभसा फेस ओकायला लागलं. ह्यांनी पाणी तपासायच्या छोट्या कुप्या काढल्या, थेंब टाकून रंग बघितले, पुस्तिकेशी ताडून पाहिले. सगळं ठीक. "काहीतरी बाहेरून पडतंय पाण्यात," हे म्हणाले. एवढंच म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. त्या दिवशी ह्यांनी चहा अर्धा ठेवला.

बाहेरून! माझं डोकं लागलंच फिरायला. टाकीच्या पाण्यात घालायच्या मिठाचा दुकानदार आधी डोळ्यांपुढं आला. या वेळची पिशवी आधीच फोडून चिकटवल्यासारखी वाटत होती. त्याला फोन करून असं झापलं की पुढं तो माझा फोनच घेईना. मग शेजारच्या बंगल्यातला माळी. दर शनिवारी पाहुणे यायच्या आधी तो हिरवळीवर कसलंतरी औषध मारायचा. मी तीन शनिवार खिडक्या लावून घरात उकडत बसले. मग पंचायतीची डासांची धूर-गाडी. पण फेस! फेस म्हणजे साबण, नाहीतर फिनेल. आणि साबण, फिनेल या घरात कुणाच्या हातात असतं? मनात पाल चुकचुकली ती तिथं.

एकदा संशय आला की मागचं सगळं आठवायला लागतं, आणि आठवतं ते बरोबर त्याच बाजूचं. वहिनी एकदा टाकीकडं बघत म्हणाली होती, "ह्या दगडाच्या खान्यापान्यात आमची म्हस पोसली असती की वो." तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता तेच वाक्य माझ्या कानात वेगळं वाजायला लागलं. जळते का ही? मुद्दाम नसेल करत, पण हात न धुता काचेला लावत असेल, लाल बादलीचं फडकं हिरवीत पिळत असेल. मी स्वयंपाकघरातून डोकावून बघायला लागले. ती पाठमोरी असताना हिरव्या बादलीत नाक घालून वास घेतला. आणि मग ती रेघ मारली.

चौथ्या दिवशी फिनेल रेघेच्या दोन बोटं खाली होतं. त्याच सकाळी प्रवाळाची एक कड बुळबुळीत होऊन गळून पडली होती आणि हे तिच्याकडं बघत नुसते बसले होते. मला राहवलं नाही. बाटली उचलली आणि सरळ मोरीत गेले.

"एवढं फिनेल गेलं कुठं?"

वहिनी उकिडवी बसून भांडी घासत होती. "हितंच टाकलं की मोरीत. वास मारत हुता."

"बादली कुठली घेतलीस?"

"लाल."

"हिरवी नाही ना?"

"न्हाई वो वन्सं."

"तुझ्या लेकीची शपथ घे."

हे मी बोलले. माझ्याच तोंडानं. वहिनीचे हात थांबले. तिनं राखेचे हात धुतले, पदराला पुसले, उरलेली दोन भांडी विसळून पालथी घातली. मग कमरेची आमच्या मागच्या दाराची किल्ली काढून ओट्यावर ठेवली.

"लेकीची शपत मी देवाम्होरंबी घेत न्हाई," एवढं बोलून ती गेली.

हे हॉलमधून म्हणाले, "काय झालं गं?" मी म्हणाले, "काही नाही. चोर सापडला."

ती गेल्यावर आठ दिवसांत प्रवाळ सुधारायला हवं होतं. सुधारलं नाही. उलट दुसरी कड गेली. मी मनाची समजूत घातली की आधीचं विष उतरायला वेळ लागत असेल. मोजे मात्र आणखी जपून धुवायला लागले, तीनाच्या जागी दोन दिवसांनी बदलायला लागले. आणि तेवढ्यात भऱ्याची जत्रा आली. दरवर्षी वहिनी आधी चार दिवस सांगायला यायची. यंदा कुणी आलं नाही, फोन नाही. जत्रेच्या दिवशी मी सकाळपासून इरकल नेसून बसले होते, उगाच. दुपारी ती सोडली आणि घडी करताना रडू आलं. ह्यांना दिसू नये म्हणून कपाटात तोंड घातलं.

पुढच्या गुरुवारी लाईट गेली. आमच्याकडं गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जातेच, त्यात विशेष काही नाही. टाकीचा दिवा इन्व्हर्टरवर चालतो. पण त्या दिवशी इन्व्हर्टरची बॅटरीच बसली. हवेचा एक छोटा सेलवरचा पंप तेवढा लावला आणि टाकीवरचा दिवा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा दिवसाढवळ्या बंद झाला. तो दिवा निळा असतो. त्या उजेडात प्रवाळाचे रंग चमकतात, म्हणून हे दिवसभर तोच लावतात.

दिवा गेला तरी पाणी निळंच दिसत होतं.

हे उठले. पांढऱ्या कपात टाकीतलं पाणी घेतलं, दुसऱ्या कपात नवं कालवलेलं खारं पाणी, आणि दोन्ही कप खिडकीत उन्हाला ठेवले. नवं पाण्यासारखं पाणी. टाकीतल्यात आकाशाची छटा.

"तू मोजे कशात धुतेस?" ह्यांनी विचारलं.

"पाण्यात. नुसत्या पाण्यात. साबणाचा थेंब नाही, तुमची शप्पथ."

"नुसत्या पाण्यात?"

"हो. शेवटच्या पाण्यात नीळ देते तेवढीच."

बोलून झाल्यावर मला ऐकू आलं मी काय बोलले ते. अहो, पांढरा कपडा म्हटला की शेवटच्या पाण्यात नीळ! आईनं पाटावर उभं करून शिकवलं तेव्हापासून हा हात तसाच चालतो. टॉवेल, ह्यांचे बनियन, लेंगे, आणि मोजे. बाटली उचलायची, बादलीत दोन थेंब, हातानं गरगर, कपडा बुडवायचा. कुणी विचारलं असतं "पाण्यात काय घालतेस?" तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, "काही नाही." खोटं बोलते असं मला वाटलंच नसतं. सगळ्या जगाला मी विचारत सुटले होते, तू काय टाकलंस म्हणून. आणि जितकी जास्त काळजी, तितके जास्त मोजे, तितकी जास्त नीळ.

हे रागावले असते तर बरं झालं असतं. हे म्हणाले, "फेस त्या निळीचाच होता. कोळसा आणायला लागेल, पाणी गाळायचा. आणि फेकायचे मोजे." मग म्हणाले, "आणि आधी भऱ्याला जाऊन ये."

गेले. वहिनी अंगणात धुणं धूत होती. दगडाशेजारी साबणाची वडी आणि निळीची बाटली. मला बघून ती उठली नाही, "या" म्हणाली नाही. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. फिनेल नव्हतं, तू नव्हतीस, मीच. नीळ दिली मी मोज्यांना. माझं बोलून झाल्यावर तिनं हातातला सदरा पिळून बाजूला ठेवला.

"पांढऱ्याला नीळ कोण देत न्हाई वन्सं?" ती म्हणाली. "मला धुवाया दिलं असतं तर मीबी दिली असती."

मला वाटलं, झालं, मिटलं. मी म्हणाले, "मग येतेस ना उद्यापासून?"

तिनं दुसरा कपडा घेतला, निळीच्या पाण्यात बुडवला, वर काढला, पिळला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "ईन की. पर आदी त्या फिनेलच्या बाटलीवरची रेघ पुसा."

चारही दिवस तिला माहीत होतं. चारही दिवस ती माझी रेघ बघत बाटली उचलत होती, फिनेल ओतत होती, जागेवर ठेवत होती, आणि "वन्सं, च्या टाकू का" विचारत होती.

घरी येऊन रेघ पुसायला बसले. पाणी, साबण, घासणी, शेवटी रॉकेल. मार्कर पक्का होता. काळं गेलं, पण प्लास्टिकवर राखाडी ओरखडा राहिलाच. ती बाटली फेकून नवी आणणं सोपं होतं. पण ते वहिनीला लगेच कळलं असतं, म्हणून तीच ठेवली.

प्रवाळ अर्धं गेलं. उरलेल्या अर्ध्यानं चांगले दोन महिने घेतले, आणि मग एका सकाळी पाच-सहा बोटं बाहेर काढली. हे ओरडले तेव्हा वहिनी फरशी पुसत होती. तीही फडकं हातात घेऊन बघायला आली. आता आम्ही फेकायचेच मोजे लावतो, आणि घंटागाडीत टाकताना मी काही बोलत नाही.

वहिनी परत आली त्या पहिल्या सकाळचं सांगायचं राहिलं. मोरीत जाऊन तिनं बाटली उचलली, फिरवून मागची बाजू बघितली.

"पुसलीसा?"

"पुसली," मी दारातूनच म्हणाले.

"दिसतीया अजून," ती म्हणाली, आणि लाल बादलीत फिनेल ओतलं.