बाटलीतला खोटा साक्षीदार

माझ्या थोरल्या भावाला मधुमेह झाला तेव्हा त्यानं तो मिरवला. पाठीवर काळपुळी उठली होती, ती महिना झाला तरी भरेना, म्हणून डॉक्टरांनी लघवी तपासली आणि साखर निघाली. दुसरा एखादा घाबरला असता. हा मात्र शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या ओसरीवर तक्क्याला टेकून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, की हा राजेरजवाड्यांचा रोग, तो काही भाकरी-चटणी खाणाऱ्याला होत नाही. तो वकील होता. आपल्याला जे होतं ते मोठंच असतं, याबद्दल त्याला आयुष्यात कधी शंका आली नाही.

डॉक्टर नुकतेच मुंबईहून शिकून आलेले, तरुण आणि कमी बोलणारे होते. त्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं, की साखर नुसती लघवीतून जात नाही, ती रक्तात साचते. वर्षानुवर्षं साचली की रक्तवाहिन्या आतून खराब होतात. पावलांपर्यंत रक्त पोचत नाही, डोळे जातात, जखमा भरत नाहीत. भात, गूळ, साखर बंद. ज्वारीची भाकरी मोजून, भाजी आणि ताक पोटभर. पावलं रोज न्याहाळायची, अनवाणी फिरायचं नाही. एवढ्यानं साखर आटोक्यात आली तर ठीक, नाहीतर विलायतेहून येतं ते इन्सुलिन रोज टोचून घ्यावं लागेल.

टोचायचं नाव निघताच माझ्या भावाचा चेहरा उतरला. न्यायाधीशाला न भिणारा हा माणूस सुईला भीत असे. पथ्य पाळीन, असं त्यानं तिथल्या तिथे कबूल केलं.

मी हायस्कुलात शास्त्र शिकवीत असे, म्हणून तपासणीचं काम माझ्याकडे आलं. परीक्षानळीत मोरचुदाचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसेल तर रंग निळाच राहतो. थोडी असेल तर हिरवा होतो, पुष्कळ असेल तर विटेसारखा लाल. दर रविवारी सकाळी आमचा आचारी भावाच्या लघवीची बाटली आणून माझ्या टेबलावर ठेवी, मी नळी उकळी आणि वहीत लिही. पहिले दोन महिने हिरवा आला. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस पाहू, मग इंजेक्शन. आणि पुढच्याच रविवारी रंग निळा आला. तो दीड वर्ष निळाच राहिला.

मला त्या निळ्या रंगाचा फार अभिमान वाटे. मुलांना वर्गात सांगत असे, माणूस खोटं बोलेल, नळी बोलणार नाही. इकडे भाऊ वाळत चालला होता. कोर्टात उभ्या उभ्या तांब्याभर पाणी पीत असे. दिव्याखाली कागद वाचताना अक्षरं पुसट दिसतात म्हणे. बार्शीचे, नातेपुत्याचे पक्षकार पेढ्यांचे पुडे आणि गुळाच्या ढेपा घेऊन येत, त्या मुलांसाठी म्हणून ठेवून घेतल्या जात. आमच्या घरात मुलं दोन आणि ढेपा महिन्याला तीन संपत. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. डॉक्टरांनी एकदा कपाळाला आठ्या घालून विचारलं, तपासणी बरोबर होते ना? मी त्यांना वही दाखवली आणि रागावून घरी आलो.

मग एका रविवारी नळी लाल झाली. मी द्रावण बदललं, नळी धुतली, पुन्हा उकळलं. पुन्हा लाल. वही घेऊन मी ओसरीवर गेलो आणि भावाला म्हणालो, दादा, तू काय खाल्लंस ते आता सांग.

तो खरोखर संतापला. बऱ्याच वर्षांत एवढा खरा राग मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

"मी काहीही खाल्लेलं असो, त्याचा या बाटलीशी काय संबंध?" तो म्हणाला. "ती माझी नाहीच."

बोलून गेल्यावर तो थांबला. वकील असल्यामुळे आपण काय कबूल केलं हे त्याला माझ्या आधी कळलं.

आचाऱ्याला बोलावलं. तो अक्कलकोटकडचा, पन्नाशीचा, आमच्याकडे पंधरा वर्षं असलेला माणूस. खाली मान घालून म्हणाला, "मास्तर, ते माजंच असतंय. सायबांनी सांगितलं, मी भरलं." दीड वर्ष मी आमच्या आचाऱ्याची लघवी तपासत होतो. कोर्टात खोट्या साक्षीदाराला उलटतपासणीत रडवणारा माझा भाऊ दर आठवड्याला एक खोटा साक्षीदार बाटलीत भरून माझ्याकडे पाठवीत होता, आणि आता तो साक्षीदारच उलटला होता.

भावाला आचाऱ्याच्या प्रकृतीबद्दल एक शब्दही विचारावासा वाटला नाही. उलट तो दुखावला गेला. राजांचा रोग चुलीपुढच्या माणसाला व्हावा, हे त्याला पटेना. "यानं माझ्या ढेपा चोरून खाल्ल्या असतील," एवढंच तो म्हणाला.

त्याच दिवशी मी त्याची स्वतःची लघवी, दाराबाहेर उभा राहून, घेतली. नळी गडद लाल झाली. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शन सुरू करायला सांगितलं. भावानं डॉक्टर बदलला. कारल्याचा रस देणारा एक वैद्य धरला, कारण त्याच्याकडे सुई नव्हती. सकाळी रस प्याला की दिवसभराचे पेढे माफ, असा त्यानं आपल्यापुरता कायदा केला.

थंडीत त्याचे पाय बधिर आणि गार पडत. वहिनी वीट तापवून, फडक्यात गुंडाळून पायांशी ठेवी. एका संध्याकाळी तो पक्षकाराशी बोलत बसला होता. फडकं सरकलं होतं, पायाचा अंगठा उघड्या विटेवर होता. त्याला कळलं नाही. समोरचा शेतकरीच म्हणाला, "वकीलसायेब, वास येतोय की. तुमचा पाय भाजतोय."

फोड फुटला, जखम झाली, ती भरली नाही. पंधरवड्यात अंगठा काळा पडला, मग बोटं. वैद्य गावाला निघून गेला. जुन्या डॉक्टरांकडे मीच गेलो. त्यांनी मला काहीच ऐकवलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. सरकारी दवाखान्यात भावाचा पाय गुडघ्याच्या वर कापला. तिथे त्याला दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचलं, आणि त्यानं ते निमूट घेतलं. सुईला भिऊन त्यानं पाय घालवला आणि मग सुईही घेतली.

घरी आल्यावर तो लोकांना सांगू लागला, की इंजेक्शनांनी पाय गेला. लोक मान डोलवीत. तो आणखी तीन वर्षं जगला, शेवटचं वर्ष जवळजवळ आंधळा. पाय गेल्यावरही त्यानं गोड सोडलं नाही. त्याची मला दया आली का, असं वहिनीनं एकदा विचारलं होतं. मी विषय बदलला.

आचाऱ्याला डॉक्टरांनी तेव्हाच पथ्य सांगितलं होतं, आणि एकदा सांगितलेलं त्याला पुरलं. तो रोज दुसऱ्यांसाठी भात शिजवी, पुरणपोळ्या लाटी आणि स्वतः भाकरी, पालेभाजी आणि ताक घेऊन बसे. झोपण्यापूर्वी पाय धुऊन, कंदील जवळ ओढून, बोटांमधल्या फटी बघे. त्याचा आजार सुरुवातीलाच सापडला होता, एवढ्या पथ्यावर भागलं. चार महिन्यांत त्याची नळी पुन्हा निळी झाली. मी त्याला विचारलं, तुला हे जड जात नाही? तो म्हणाला, "जातंय की. पण पाय माजेच हायत."

पेठेत अजून लोक भावाचं नाव काढतात. मोठ्या मनाचा होता, खाण्याखिलवण्याचा शौकीन होता, म्हणतात. मी ऐकून घेतो. त्याला हसायचा अधिकार मलाही पुरता नाही. दीड वर्ष एक माणूस माझ्यासमोर पाण्याचे तांब्यामागून तांबे रिचवीत होता, आणि मी नळीकडे बघत होतो.