गेरू लावलेली झाडं

एखाद्या सभेला तीनशे माणसं होती असं मी सांगितलं, तर तुम्ही तीस धरावीत. मी स्वतः पंचवीस धरतो. माझ्या तोंडी दिघीच्या खाडीत सापडलेला रावस जेटीवर मावत नाही, आणि आमच्या आळीतल्या कोंबड्याने एकदा बिबट्याला डोंगरापर्यंत पिटाळलेलं आहे. लोक हसतात, चहा पाजतात. पक्षालाही असा माणूस लागतोच, म्हणून मी तालुक्याचा चिटणीस. पुढे सांगतोय त्यातही कुठे वाढवलं असेलच, पण ते माझा वाटा जरा कमी दिसावा एवढ्यापुरतं.

विधानसभेच्या तिकिटांचे दिवस होते. इच्छुकांना जोखायला मुंबईहून पक्षाचे निरीक्षक येणार होते. त्यांना आणायला मी आगरदांड्याला गेलो आणि त्यांच्या गाडीसकट फेरीबोटीत चढलो. साहेब गाडीतून उतरले नाहीत. काच अर्धी खाली करून बोलत राहिले.

"तुमच्या कंत्राटदाराचं कसं काय?"

"साहेब, त्याच्यासमोर आहे कोण? अर्ध्या तालुक्याची खडी त्याची, उरलेल्या अर्ध्याची वाळू."

"तेच तर दुखणं आहे. तिकीट त्यालाच द्यायचं, हे वर ठरलंय. पण ते त्यालाही कळलंय. पक्षनिधीचा विषय काढला की त्याला खोकला येतो." साहेबांनी पाण्याकडे पाहिलं. "समोर कोणीतरी दिसायला हवं. भलं माणूस, लोकांतलं. दिसलं की पुरे."

फेरी दिघीला लागायच्या आत मी नाव सांगितलं. इतक्या पटकन सुचलं याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

दिवेआगरच्या वहिनी. सुपारीची वाडी, मागे पर्यटकांसाठी दोन खोल्या. वादळाने गावातल्या वाड्या आडव्या केल्या तेव्हा सगळ्यांच्या पडलेल्या झाडांचा पंचनामा होईपर्यंत यांनी सरकारी माणसांना गावाबाहेर पडू दिलं नव्हतं. सकाळी घावणे वाढायच्या आणि दुपारी चिखलातून फिरवायच्या. एक अधिकारी त्या दौऱ्यात इतका वाळला की बायकोने दारात ओळखला नाही, असं मीच गावभर पसरवलं होतं.

मी पडवीत जाऊन बसलो. "वहिनी, तिकिटासाठी अर्ज भरा."

"मी? भाऊजी, उन्हातून आलात, आधी कोकम घ्या."

"थट्टा नाही. लोकांना तुम्ही हव्या आहात."

"आणि पैसे? निवडणूक काय फणसाच्या गऱ्यांवर लढवायची?"

"लोक देतील," मी म्हटलं. हे वाक्य मी आजवर कितीतरी इच्छुकांना ऐकवलंय. ऐकून खरोखर लोकांकडे मागायला गेलेलं कोणी मला आठवत नाही. वहिनी गेल्या.

रोख पैसे कोणाकडेच नव्हते. वाडी एकदा मोडली की पोफळीचं रोप धरायला वर्षं जातात. तेव्हा लोकांनी काय करावं, तर घरटी एक झाड दिलं. वादळातून उभं राहिलेलं, धरतं झाड. त्याची सुपारी वहिनींची. पाडणाऱ्याची गल्लत होऊ नये म्हणून वहिनी डबा घेऊन वाडीवाडीत फिरल्या आणि प्रत्येक दिलेल्या खोडाला गेरूचे दोन पट्टे ओढले. मी सोबत होतो. एका म्हाताऱ्याच्या वाडीत नुसती रोपंच दिसत होती.

"आजोबा, तुमचं राहू दे," वहिनी म्हणाल्या.

"का म्हनून? तीन ऱ्हायलीत माजी. ह्यातलं ह्ये घ्या, ह्येला जास्त लागतात."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "वा आजोबा, आता मंत्रालयात तुमची सुपारी." म्हातारा खूश झाला.

तालुक्याच्या विश्रामगृहावर मुलाखती झाल्या. कंत्राटदार गाड्यांचा ताफा घेऊन आला. वहिनी एसटीने आल्या, इस्त्रीची सुती साडी नेसून. साहेबांनी विचारलं, "निधी कसा उभा करणार?" वहिनींनी झाडांचं सांगितलं, पंचायत समितीत हिशेब द्यावा तसं, सरळ. साहेब ऐकत राहिले. त्या बाहेर गेल्यावर मला म्हणाले, "हे फार छान आहे. हेच बोर्लीत पसरवा."

पसरवायचं म्हणजे माझा हातखंडा. बोर्ली पंचतनच्या बाजारात, कंत्राटदार रोज जिथे चहाला बसतो तिथेच बसून मी सुरुवात केली. श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर एक पोफळ बिनागेरूची राहिली नाही म्हटलं. सुपारीचे व्यापारी वहिनींच्या दारात आगाऊ पैसे घेऊन रांगेत उभे आहेत म्हटलं. कंत्राटदाराने कप खाली ठेवला.

"भाऊ, सिरियसली सांग. बाई एवढी चाललीय?"

"चाललीय? अहो, पोचलीय."

त्याच संध्याकाळी त्याची गाडी फेरीवर चढली. मुंबईला जाऊन त्याने हात कसा आणि किती सैल सोडला ते मला ठाऊक नाही. पण नंतर निरीक्षक साहेबांनी फोनवर माझी पाठ थोपटली, आणि आठवड्याभरात यादी आली. तिकीट कंत्राटदाराला. पुढे तो निवडून आला आणि मी चिटणीसाचा सरचिटणीस झालो.

यादी आली त्या दुपारी वहिनींना सांगायला मीच गेलो. त्या सुपारी कातरत बसल्या होत्या. अडकित्ता तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. त्या बघण्यापुढे मला गप्प बसवेना, आणि गप्प बसवेना की मी काय करतो ते तुम्हाला आता माहीत झालंय.

"वहिनी, शेवटच्या घटकेपर्यंत तुमचंच नाव होतं. टाइप झालं होतं कागदावर. थोडक्यात हुकलं."

त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "खरंच?"

"माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

सगळं तिथे संपलं असतं. हरल्यावर माणूस चार दिवस रडतो, झाडं ज्याची त्याला परत जातात. पण थोडक्यात हुकलेलं कोण सोडतो? वहिनींनी घरोघर जाऊन सांगितलं, झाडं परत घ्या. प्रत्येक घराने सांगितलं, राहू दे, पुढच्या वेळेला लागतील. तेव्हापासून त्या झाडांची सुपारी वेगळी विकली जाते आणि पैसे पतपेढीत वहिनींच्या नावाने साठतात. पावसात गेरू धुऊन जातो. दिवाळी झाली की त्या परत लावतात.

परवा मी काही कामाने गेलो होतो. वहिनींकडे पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. त्यातल्या बाईंनी मला विचारलं, "काका, या झाडांना हे लाल पट्टे कसले?"

"वानरांसाठी," मी म्हटलं. "लाल रंग बघितला की वानर समजतं, वर आधीच कोणी नर बसलाय. थेट म्हसळ्यापर्यंत पळत सुटतं." बाईंनी फोटो काढला.

मागे वहिनी उभ्या होत्या, हातात गेरूचा डबा. पाहुणे समुद्राकडे गेल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, खोटं कशाला सांगता त्यांना?"

वाटलं, कळलं यांना. आणि कळलंच असेल तर बरं झालं, असंही वाटून गेलं.

"खरं सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळेची तयारी चाललीय म्हणून. त्यात लाजायचं काय?"



त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला. "खालचा पट्टा मी ओढते. वरचा तुम्ही ओढा, माझा खांदा दुखतो हल्ली."

मी ब्रश घेतला, डब्यात बुडवला आणि वरचा पट्टा ओढला. चांगला ठसठशीत, खोडाच्या मागच्या बाजूपर्यंत. मग आम्ही पुढच्या झाडाकडे गेलो.