दिघोरीच्या रस्त्यावर उजवा दिवा

माय आमच्याकडे जवाहरनगरला यायला तयार झाली, असा तिचा फोन शनिवारी आला आणि रविवारी सकाळीच आम्ही निघालो. बाबा गेल्यापासून तिने दिघोरीचं घर एका रात्रीसाठीही सोडलं नव्हतं. तिचं मन बदलण्याआधी पोचायचं होतं. नवरा, प्रमोद, फॅक्टरीतून रात्रपाळी करून आलेले, म्हणून गाडी मीच चालवायची ठरलं.

तुम्हाला हा रस्ता करायचा असेल तर धानकापणीच्या दिवसांत करा. भंडाऱ्याहून लाखनीपर्यंत मोठा हायवे आहे, ट्रक फार. लाखनीत तर्री-पोहे खा; दोघांचं पोट शंभर रुपयांच्या आत भरतं. तिथून उजवीकडे पालांदूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना धानशेतांची पिवळी बांधी, मध्येच तळं, आणि रस्त्याच्या कडेला धानाचे भारे. रस्ता बरा आहे, पण अरुंद. कडेची माती खचलेली, त्यामुळे समोरून गाडी आली की वेग कमी करावाच लागतो.

मायने तळ्यातली मासोळी आणि नव्या तांदळाचा भात केला होता. बकऱ्या शेजारणीकडे दिलेल्या, गाठोडं बांधलेलं. आम्ही तीनला निघणार होतो. निघताना मी सवयीने गाडीचे दिवे लावून पाहिले, तर उजवा बंद. प्रमोद शेजाऱ्याची मोटरसायकल घेऊन लाखांदूरला गेले आणि बल्ब घेऊन आले. मी म्हटलं, गाडी तिकडे नेऊन मिस्त्रीकडूनच बसवून घेऊ. ते म्हणाले, बल्ब बदलायला मिस्त्री कशाला. त्यांनी अंगणातच घाईघाईने तो बसवला. उजेड पडला, पण ऊन होतं. कुठे पडला ते कोणी पाहिलंच नाही.

गाव सोडलं तेव्हा सूर्य टेकला होता आणि पुढच्या गावाआधीच अंधार झाला. गोंदिया वेगळा झाल्यापासून आमचा भंडारा जिल्हा लहान झाला म्हणतात. अंधारात त्या रस्त्याने चालवताना तसं अजिबात वाटत नाही. माझ्यापुढचा रस्ता मंदच दिसत होता. उलट उजव्या बाजूची झाडं शेंड्यापर्यंत उजळत होती. समोरून येणारा एक ट्रॅक्टरवाला दिव्यांची उघडझाप करत गेला. मग एक जीपवाला. मी डिपरवरच, खालच्या उजेडावरच होते, तरी पुन्हा बटण तपासलं. प्रमोद म्हणाले, "नवीन बल्ब आहे, जास्त उजेड पडतो." मला ते पटत नव्हतं, पण हात स्टिअरिंगवर आवळून मी चालवत राहिले.

वळणावर समोरून मोटरसायकल आली. तिचा दिवा एकदम डगमगला, कडेला सरकला आणि खाली गेला. आवाज मोठा नव्हता. मी ब्रेक दाबला. मागून मायने माझा खांदा धरला होता.

आम्ही धावलो. मोटरसायकल बांधीच्या उतारावर आडवी पडलेली. चालवणारा उभा राहत होता. त्याची बायको मातीत बसली होती, गुडघ्यावरून रक्त येत होतं. तो ओरडला नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

"तुमचा लाईट सरळ डोळ्यात घुसला जी," तो म्हणाला. "मले रोडच नाही दिसला."

प्रमोदने त्याच्यासोबत मोटरसायकल उभी केली. मग म्हणाले, "बल्ब मीच बसवला."

मायने आपल्या बाटलीतलं पाणी त्या बाईच्या गुडघ्यावर ओतलं, गाठोड्यातून धुतलेलं लुगडं काढून त्याची पट्टी फाडली. बांधून झाल्यावर माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मले वापस घरी सोडून दे, बाई. माह्यानं हे होत नाही."

मी तिला गाडीशी नेलं, मागचं दार उघडलं.

त्यांचं गाव जवळच होतं. मोटरसायकल चालत होती; तो पुढे निघाला, बाई आमच्यासोबत बसली. मी पार्किंगचे दिवे लावून त्याच्या मागे गाडी अगदी हळू नेली. गावाच्या तोंडाशी बुद्धविहाराची पांढरी भिंत होती. तिथे मी गाडी समोर उभी करून दिवे लावले, आणि चूक भिंतीवरच दिसली. डाव्या दिव्याचा पट्टा खाली, सरळ. उजव्याचा उजेड पसरून थेट छतापर्यंत गेलेला.

बल्ब गार होऊ दिला, मग प्रमोदने फडक्यात धरून बाहेर काढला. बल्बच्या कड्याला तीन चपटी पाती असतात, ती दिव्यातल्या खाचांत बसावी लागतात. एक पातं बाहेरच राहिलं होतं, आणि वरून तारेची क्लिप जोर लावून अडकवलेली. आता त्यांनी ते बोटांनी चाचपून बसवलं. पट्टा खाली आला, तरी थोडा वरच. दिव्यामागचा स्क्रू ते फिरवत होते आणि मी भिंतीशी उभी राहून सांगत होते, अजून थोडं, बस. दोन्ही पट्टे एका रेषेत आले तेव्हा मी भिंतीपासून बाजूला झाले.

मोटरसायकलवाल्याने स्वतः रस्त्यावर दूर जाऊन, आमच्याकडे तोंड करून पाहिलं. "आता टोचत नाही," तो म्हणाला.

आम्ही दवाखान्यात चला म्हटलं; ती बाई नको म्हणाली. तिने मायचा हात धरला. "गुडघ्याचं काय, बरा होते. तुम्ही लेकीकडे जा, माय. ती न्यायले आली ना."

मायने तिच्या गुडघ्याची पट्टी एकदा घट्ट केली. मग जय भीम म्हणून गाडीत बसली, या वेळी पुढे, माझ्या बाजूला. समोरून गाडी आली की मी वेग कमी करून बघायची. कोणीही दिवा मारला नाही.

घरी आलो, मायला झोप लागली, मला लागली नाही. गाडी चालवताना मला किती दिसतं एवढंच मी आजवर बघत आले होते. समोरच्याला काय दिसतं, हा विचार कधी मनातच आला नव्हता. बल्ब बदलला तर गाडी भिंतीसमोर उभी करून बघा. अंगणातल्या उन्हात काही कळत नाही.

निघताना त्या बाईचा नंबर घेतला होता; दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला. सूज आहे, पण भारे बांधायला गेले होते, म्हणाली. मग तिनेच विचारलं, "माय जेवली का?"

माय स्वयंपाकघरात होती. मी फोन तिच्या हातात दिला.