वाचल्याशिवाय केलेली सही

हे आत्ताच सांगते, न्हायतर परत गप्प बसायची सवय लागंल.

"उभी का हाईस? सही कर. त्यांनी नको म्हटलं म्हणून तुम्हाला मिळाली किडनी."

बेळगावचं हॉस्पिटल. भर दुपार. हे म्हणणाऱ्या काउन्सेलर मॅडमच्या केबिनमध्ये मी उभी. माझ्या आधी एक बडं कुटुंब आत बसलतं. त्येंना खुर्च्या, चहा. दार अर्धवट उघडं होतं, बाहेर बाकड्यावर मला तुटक तुटक ऐकू आलं. डॉक्टर सांगत होते, "सर, घाई नाही, निर्णय तुमचा." लई वेळ समजावलं. शेवटी त्येंच्यातला एकजण म्हणाला, "असल्या माणसाची किडनी आमच्यात नको." आणि गेले.

मग मी. मॅडमनं आधारवरचा पत्ता वाचला. निपाणीत आमच्या गल्लीच्या नावातनंच जात कळत्या. लगेच 'तू' सुरू.

"काविळीची थोडी रिस्क आहे. तुमच्या वस्तीत काय, असतंयच की सगळं."

मी म्हटलं, "व्हय मॅडम. थँक्यू."

थँक्यू! आणि सही केली. इंग्रजीत चार पानं. एक ओळ वाचली न्हाय.

मी बी.कॉम. हाय. आई विड्या वळत्या, तिच्यासंगं बसणाऱ्या सगळ्या बायकांचे फॉर्म मीच भरते, कन्नड असू दे न्हायतर इंग्रजी. वर त्येंनाच दरडावते, "मावशे, वाचल्याशिवाय अंगठा द्यायचा न्हाय!"

अण्णा, माझा थोरला भाऊ, पलीकडच्या वॉर्डात डायलिसिसवर होता, पाणीबी मोजून मिळायचं. खूश. "आता तांब्याभर पाणी पिणार बघ गं मी!" मग म्हणाला, "त्या माणसाला काय झालतं? काय लिहिलंय कागदात?"

"वाचलं न्हाय."

"तू? तू वाचलं न्हाईस?" आणि हसला. चिडला असता तर बरं वाटलं असतं. किडनी त्येच्या पोटात जाणार, आणि त्येला न विचारता सही मी करून आलते.

परत गेले. "मॅडम, तो कागद द्या."

"नको असेल तर पुढच्याला फोन लावते."

खरंच लावला तर? अण्णाची तीन वर्षं किडनीची वाट बघणाऱ्यांच्या यादीत गेलती. तरी खुर्ची ओढली आणि बसले.

"पायजे. पण मघाशी त्येंना सांगितलं तेवढं सगळं आमच्या अण्णाला सांगायचं. त्येच्या कॉटजवळ येऊन. तोवर माझी सही धरू नका."

डॉक्टर आले. ज्येची किडनी होती तो मेलेला माणूस नशेची सुई टोचून घ्यायचा. त्येच्या रक्तात हेपॅटायटिस सी, म्हंजे काविळीचा विषाणू होता. तो अण्णाला लागणार, पण गोळ्यांनी बहुतेक बरा होतोय. काही महिने रक्त तपासत राहायचं.

अण्णानं दोनच गोष्टी विचारल्या. "गोळ्या इथंच मिळतील? आणि न्हाय म्हटलं तर माझा नंबर जातोय काय?"

"मिळतील. नंबर जात नाही."

"मग द्या. आता कळलं." सही त्येनं केली. स्वतः.

दहा मिनिटं लागली सगळ्याला. तेवढ्या दहा मिनिटालाबी आम्ही लायक नव्हतो.

अण्णा आता तांब्यानं पाणी पितोय. माझं ते थँक्यू मात्र अजून टोचतंय. मॅडमचा राग कमी, माझीच लाज जास्त. इथनं पुढं उभ्यानं सही न्हाय. बसणार, वाचणार, विचारणार. उशीर झाला तर होऊ दे.

तुमच्याकडनं घेतल्या काय कुणी अशी सही? आणि वर तुम्हीबी थँक्यू म्हटलासा काय? खरं सांगा.