मनालीचं मखर

लालबागच्या चाळीत मनाली परबची ख्याती मखरासाठी. गणपतीच्या दोन महिने आधी ती प्लाय, पुठ्ठा, रंग घेऊन बसते. मूर्ती येते ती आदल्या संध्याकाळी, तयार मखरात. आधी मखर, मग देव. हा क्रम हातात इतका मुरला होता की गेमिंगचा कॉम्प्युटर जोडायला घेतला तेव्हाही हातांनी तोच पाळला. डोक्याला कुणी विचारलंच नाही.

धाकटा भाऊ मयूर दोहाला नोकरीला. हल्ली दोघांचं बोलणं 'जेवलीस का'च्या पुढे सरकत नसे. लहानपणी सायबर कॅफेत एका खुर्चीवर बसून खेळायचो तसं पुन्हा खेळू, ही कल्पना त्याची. तयार कॉम्प्युटर पाठवतो म्हणाला, तर मनाली म्हणाली, मी स्वतः जोडणार, पन्नास हजारांत. रविवारी संध्याकाळी सातला पहिला डाव ठरला. त्यासाठी मयूरने ड्यूटी बदलून घेतली. त्याने एकच बजावलं होतं: आधी ग्राफिक्स कार्ड घे, उरलेल्या पैशांत डबा, म्हणजे बाहेरचं कॅबिनेट.

लॅमिंग्टन रोडच्या दुकानात तिला आधी दिसला तो डबाच. काचेचा, सहा पंख्यांचा, रंग बदलणाऱ्या दिव्यांचा. यात मूर्ती उठून दिसेल, असं तिच्या मनात आलं. कुठली मूर्ती, ते आलं नाही. मग डब्याला शोभेल अशी दिव्यांची रॅम. मग पैसे आटले, म्हणून प्रोसेसर स्वस्तातला. दुकानदार म्हणाला, याला वेगळं कार्ड लागेल, नाहीतर पडद्यावर काही दिसणार नाही. तिने जाणकारासारखी मान डोलावली. परळच्या दवाखान्यात दहा वर्षं रिसेप्शनवर बसून तिला एवढं मात्र जमलं होतं: न समजता मान डोलावणं.

शनिवारी दुपारी तिने बटण दाबलं. पंखे फिरले. दिवे जांभळे झाले, हिरवे झाले, केशरी झाले. मॉनिटर काळा. तिची आई सुभद्राबाई मेथी निवडता निवडता बराच वेळ बघत राहिल्या.

"मखर बरा झाला गो," त्या म्हणाल्या. "पण देव खंय?"

मनालीला आधी हसू आलं, मग दुकानदाराने सांगितलेलं कार्ड आठवलं. तासाभरात ती काचेचा डबा पोटाशी धरून पुन्हा दुकानात उभी होती. दुकानदाराने थोडे पैसे कापून तो परत घेतला. हाती आलेल्या पैशांत एक वापरलेलं कार्ड बसलं. नव्या डब्यापुरतं काही उरलं नाही. मग माळ्यावरून मागच्या वर्षीचं प्लायचं मखर उतरलं.

रविवारी सातला मयूर व्हिडिओ कॉलवर म्हणाला, डबा दाखव. तिने फोन फिरवला. रंगवलेल्या कमळाच्या पाकळ्यांत मदरबोर्ड उभा होता, बाजूला पंखा घुमत होता.

"ताई, यंदा बाप्पाला कुठे बसवणार?"

"नवीन करीन. तू खेळ."

चौथ्याच मिनिटाला त्याने तिला मारलं. मनालीने कुरकुर केली नाही. आपण पडलोय हे तिला पडद्यावर अगदी स्वच्छ दिसत होतं.